कॉलेज मोठे की ब्रँच? आजऱ्याहून अभियांत्रिकीला जाताना

अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवड बहुतेक घरांत शेवटी दोन नावांवर येऊन अडते. राज्यात शेकडो महाविद्यालये असली तरी सीईटीचा पर्सेंटाइल, घरची ऐपत आणि अंतर यांची चाळणी लागली की हातात दोनच उरतात. आजरा तालुक्यातल्या घरांत या दोन नावांची जोडी साधारण ठरलेली असते. एक महाविद्यालय जुने, नावाजलेले, पण हवी ती ब्रँच न मिळणारे. दुसरे त्या मानाने नवे किंवा जवळचे, पण कॉम्प्युटरला जागा मिळवून देणारे. सांगलीच्या वालचंदला सिव्हिल घ्यावे की कोल्हापूरच्या केआयटीत कॉम्प्युटर, हा पेच तिथे नवा नाही. त्यात खर्च, नावलौकिक आणि अभ्यासक्रम असे तीन हिशेब एकमेकांत अडकलेले असतात. घरातली चर्चा बहुधा यातल्या एकाच हिशेबाभोवती फिरते, आणि तो कोणता हे घरात सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस ठरवतो.

आजरा गावात अभियांत्रिकीची पदवी देणारे महाविद्यालय नाही, त्यामुळे बाहेर पडणे आलेच. सर्वांत जवळचे पर्याय शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यात आहेत: भडगावचे डॉ. ए. डी. शिंदे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि महागावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय. आंबोली घाट उतरले की सावंतवाडीत यशवंतराव भोसले इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लागते. कोल्हापूरच्या बाजूला गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, भारती विद्यापीठाचे महाविद्यालय, इचलकरंजीचे डीकेटीई आणि वारणानगरचे तात्यासाहेब कोरे अशी मोठी रांग आहे. त्यापुढे सांगलीचे वालचंद, राजारामनगरचे आरआयटी, कराडचे शासकीय महाविद्यालय आणि मग पुणे. पूर्वेला बेळगाव नकाशावर जवळ दिसते. तिथे १९७९ पासूनचे गोगटे इन्स्टिट्यूट आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. पण महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेची आणि शुल्कसवलतीची हद्द संकेश्वरच्या अलीकडेच संपते. उलट दिशेने मात्र एक दार उघडे आहे. वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत राज्याचे उमेदवार म्हणून स्थान आहे.

ही रांग एका दिवसात उभी राहिलेली नाही. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलाला अभियंता व्हायचे तर मुख्यतः हीच दोन दारे होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर महाविद्यालये काढायला परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. केआयटी, राजारामनगर, वारणानगर आणि बुधगाव येथील संस्था सगळ्या १९८३ च्याच आहेत, तर कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील १९८४ चे. त्यामुळे या भागात ‘जुने कॉलेज’ आणि ‘नवे कॉलेज’ यांतले अंतर वयापेक्षा पैशाच्या व्यवस्थेचे आहे. एकाला सरकारचे अनुदान मिळते, तर दुसरे विद्यार्थ्याच्या फीवर चालते.

या विस्ताराकडे पाहायची एक चौकट आजरा तालुक्याच्याच सुपुत्राने दिली आहे. बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शेजारच्या गारगोटीतील मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण, असा विषय घेऊन त्यांनी १९७५ मध्ये भारतीय शिक्षणावर पुस्तक लिहिले. अभियांत्रिकीच्या बाबतीत १९८३ नंतर संख्या वाढली, फी सवलतींमुळे समतेकडे काही पावले पडली, गुणवत्ता मात्र कुठे टिकली आणि कुठे पातळ झाली. दोन महाविद्यालयांत निवड करणाऱ्याला नेमके हेच तपासायचे असते, की आपल्या वाट्याला या त्रिकोणाची कोणती बाजू येते आहे.

निवड प्रत्यक्षात होते ती कॅपच्या पर्याययादीत. राज्य सीईटी कक्षाच्या या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थी महाविद्यालय आणि ब्रँच मिळून एक पर्याय, असे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरतो. संगणक गुणवत्ताक्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याच्या यादीतला पहिला पर्याय तपासतो, तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वर अवघड पर्याय ठेवला म्हणून खालचा हातचा जात नाही. तरीही अनेक जण मागच्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून ‘मिळण्याजोगे’ पर्याय वर आणि हवेसे वाटणारे खाली टाकतात. ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिचे मूळ ही यंत्रणा कशी चालते हे माहीत नसण्यात आहे.

२०२५-२६ च्या प्रवेशांपासून फेऱ्या चार झाल्या आणि एक नवे बंधन आले. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जातो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तर तोच अंतिम ठरतो. ‘आधी घेऊ, मग पुढच्या फेरीत बघू’ ही पूर्वीची सोय यादीच्या वरच्या भागापुरती संपली. म्हणजे वालचंद सिव्हिल आणि केआयटी कॉम्प्युटर यांत कोण वर, हा वाद फॉर्म भरण्याआधी मिटायला हवा. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचण्याला पर्याय नाही.

कटऑफच्या याद्यांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठक्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. आजरा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्या क्षेत्राचे. पण विद्यार्थ्याचे विद्यापीठक्षेत्र त्याच्या गावावरून ठरत नाही, बारावी कुठल्या महाविद्यालयातून केली यावरून ठरते. सीईटीच्या तयारीसाठी आजऱ्याचा मुलगा लातूरला किंवा पुण्याला जाऊन बारावी झाला, तर कोल्हापुरातल्या जागांसाठी तो ‘बाहेरचा’ होतो. यादीतल्या जीओपनएच आणि जीओपनओ या संकेतांतले शेवटचे अक्षर हेच सांगते: एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठक्षेत्राच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांत राज्यपातळीवरच्या जागा असतात आणि तिथे एस हे अक्षर दिसते. आपल्याला लागू नसलेल्या ओळीवरचा आकडा पाहून धीर सोडणारे किंवा फुशारणारे दोन्ही भेटतात.

आता खर्च. महाविद्यालयाच्या फलकावर लागलेली फी आणि घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी संस्था स्वतःच्या मनाने लावत नाही. २०१५ च्या कायद्याखाली नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचा खर्च तपासून ती ठरवते आणि हे आकडे सार्वजनिक असतात. त्यावर सवलतींचा थर येतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातील विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. हा लाभ एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरता आहे. इतर मागासवर्गातील मुलांना निम्मी सवलत आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना स्वतंत्र आहेत. २०२४-२५ पासून सर्वांत मोठा बदल मुलींसाठी झाला. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरते.

यांपैकी बहुतेक सवलतींना एक अट चिकटलेली आहे: प्रवेश कॅपमधून हवा आणि संस्था खासगी विद्यापीठ किंवा खासगी अभिमत विद्यापीठ नको. कोल्हापूरच्या आसपास ज्यांच्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ आहे अशा संस्थांच्या जाहिराती वाचताना हा फरक सहज निसटतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागाही सवलतीच्या बाहेर राहते, आणि ‘डोनेशन’ तर १९८७ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

हिशेब कसा फिरतो हे काल्पनिक आकड्यांवर पाहू. समजा, घरापासून जवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख आणि इतर शुल्क १५ हजार आहे. दूरच्या अनुदानित महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ४० हजार, इतर शुल्क तेवढेच. नुसती फी पाहिली तर दूरचे महाविद्यालय ६० हजारांनी स्वस्त. आता खुल्या गटातला, ४ लाख उत्पन्नाच्या घरातला मुलगा घेऊ. निम्मी सवलत धरली तर जवळच्या ठिकाणी ५० हजार अधिक १५ हजार, आणि एसटीचा पास व दुपारचे जेवण मिळून आणखी १५ हजार, म्हणजे वर्षाला ८० हजार. दूरच्या ठिकाणी २० हजार अधिक १५ हजार, आणि खोली-खानावळीचे महिना साडेसात हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे ७५ हजार, म्हणजे १ लाख १० हजार. चार वर्षांत स्वस्त कॉलेज १ लाख २० हजारांनी महाग पडले. त्याच घरातली मुलगी आर्थिक दुर्बल प्रवर्गातून गेली तर दोन्हीकडचे शिक्षण शुल्क शून्य. तिचा खर्च जवळ ३० हजार आणि दूर ९० हजार. तिच्यासाठी फीतला फरक उरतच नाही, उरतो तो फक्त राहण्या-जेवणाचा. म्हणून दोन्ही महाविद्यालये घरापासून लांब असतील तर तिने फीचा विचार बाजूला ठेवून निव्वळ शिक्षणावर निवड करावी. आणि सवलत नसलेल्या खासगी विद्यापीठात वर्षाची फी १ लाख ६० हजार व राहण्याचे ७५ हजार धरले, तर दोघांनाही चार वर्षांचे ९ लाख ४० हजार लागतात.

आकडे कल्पित असले तरी कल खरा आहे. आजऱ्याच्या कुटुंबाला खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा अंतराचा पडतो. त्यामुळे गडहिंग्लजला घरून जाऊन-येऊन शिकणे स्वस्त, हे बरोबर आहे. पण त्या स्वस्ताईत एसटीच्या वेळा, आडगावातून आधी आजऱ्यापर्यंत यायचे कष्ट आणि पावसाळ्यात हिरण्यकेशीला पाणी आल्यावर बुडणाऱ्या दिवसांचाही हिशेब धरायला हवा. प्रयोगशाळा, प्रकल्प, कंपन्यांच्या चाचण्या आणि स्पर्धा यांचे बरेच काम संध्याकाळनंतर चालते. शेवटची गाडी पकडणारा मुलगा त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मुकतो. दुसऱ्या टोकाला पुणे किंवा मुंबई आहे. तिथे खर्च सर्वांत जास्त खरा, पण या तालुक्यातल्या अनेक घरांचे चुलते-मामा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला आहेत. राहण्याची सोय घरचीच असेल तर सगळे गणित बदलते.

पैसा केव्हा लागतो हेही पाहावे. फी भरायची वेळ पावसाळ्यात येते. काजूचा पैसा उन्हाळ्यात आलेला असतो आणि तोवर पेरणी-लावणीत गेलेला असतो, उसाचे बिल गळीत हंगाम सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर. एकूण खर्च परवडतो पण ऑगस्टमध्ये हात रिकामा, अशी स्थिती शेतकरी घरांत नेहमीची. शिष्यवृत्तीची रक्कमही लगेच हाती येत नाही. यासाठी पहिल्या वर्षापुरती तरतूद आधी करून ठेवणे, किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात हप्त्यांची विचारणा प्रवेशापूर्वी करणे बरे. शैक्षणिक कर्ज हा उरलेला मार्ग. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होत असली तरी व्याज मधल्या काळात चढत राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत राष्ट्रीय क्रमवारीच्या निकषावर निवडलेल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते, आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. इथे संस्थेच्या नावाचे थेट पैशात रूपांतर होते, म्हणून आपले दोन्ही पर्याय त्या यादीत आहेत का हे पाहून घ्यावे.

टीएफडब्ल्यूएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागांचा उल्लेख इथेच हवा. प्रत्येक ब्रँचच्या मंजूर क्षमतेवर ५ टक्के जादा जागा अशा असतात की तिथे प्रवेश मिळालेल्याचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ होते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. पण या जागेवर आल्यावर पुढे ब्रँच किंवा महाविद्यालय बदलता येत नाही आणि तिचा कटऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा बराच वर असतो. सवलतीसाठी नको ती ब्रँच पत्करली तर ती चारही वर्षे सोबत राहते.

नावलौकिकाचा हिशेब याहून अवघड, कारण तो कुठेच लिहिलेला नसतो आणि तरी सगळ्यांना पाठ असतो. पालक कटऑफ पाहून दर्जा ठरवतात. कटऑफ खरे म्हणजे इतकेच सांगतो की मागच्या वर्षी किती गुणांच्या मुलांनी ती जागा मागितली. त्यात आत कसे शिकवतात याचे मोजमाप नाही. तरी तो अगदीच पोकळ नाही. हुशार मुले जिथे जमतात तिथे वर्गाची पातळी वाढते, कंपन्या येतात, माजी विद्यार्थ्यांचे जाळे तयार होते. १९४७ पासून चाललेल्या संस्थेचे माजी विद्यार्थी आज देशभर वरच्या पदांवर आहेत. हे भांडवल नव्या संस्थेला पैशाने विकत घेता येत नाही. नावलौकिकाचे खरे मोल या माणसांत असते, प्रवेशद्वाराच्या कमानीत नसते.

मोजता येणाऱ्या गोष्टी निराळ्या. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के वजन आहे. बी.टेक. करून नोकरीला लागू इच्छिणाऱ्याला संशोधनाच्या ३० टक्क्यांचा थेट उपयोग थोडाच. त्यामुळे वरखाली दहा-वीस क्रमांकांवर जीव टाकण्यात अर्थ नाही. क्रमवारीपेक्षा तिच्यासाठी संस्थेने भरलेली माहिती अधिक कामाची असते. किती मुले दाखल झाली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे सगळे त्या कागदात असते. सहभागी संस्थांच्या संकेतस्थळावर ते सापडते.

मध्यक पगाराकडेच का पाहायचे, हे दहा मुलांच्या वर्गावरून कळते. नऊ जणांना ४ लाखांची आणि एकाला ३४ लाखांची नोकरी लागली तर सरासरी ७ लाख निघते. फलकावर ७ लाख लागतात, वर्तमानपत्रात ३४ लाख आणि फोटो छापून येतो. मध्यक मात्र ४ लाखच राहतो आणि वर्गातल्या कोणत्याही मुलाने तेवढीच अपेक्षा धरलेली बरी. हे आकडे संपूर्ण महाविद्यालयाचे न घेता हव्या असलेल्या ब्रँचचे वेगळे मागावेत. ते मागितल्यावर कार्यालय काय उत्तर देते, त्यावरूनही संस्था बरीचशी कळते.

मान्यतेचे शब्द एकमेकांत मिसळले जातात. एआयसीटीईची परवानगी म्हणजे संस्था चालवायला हरकत नाही, एवढेच. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीएचे मानांकन मात्र एकेका ब्रँचला आणि ठराविक मुदतीपुरते असते. एकाच महाविद्यालयात मेकॅनिकलला एनबीए आहे आणि नव्याने काढलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ब्रँचला नाही, असे असू शकते. दोन पर्यायांची तुलना करताना हाच कागद सर्वांत नेमका आहे. स्वायत्तता मिळालेले महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखते आणि परीक्षा घेते. चांगल्या हातांत त्याने अभ्यासक्रम ताजा राहतो, सैल हातांत गुणांची खैरात होते. कोल्हापूर-सांगली परिसरातली बरीच आघाडीची महाविद्यालये आता स्वायत्त आहेत, त्यामुळे स्वायत्त आहे की नाही यापेक्षा अभ्यासक्रम कोणी आखला आणि केव्हा बदलला हे विचारणे जास्त उपयोगाचे.

राहिली ब्रँच. गेल्या काही वर्षांत सगळा ओढा कॉम्प्युटर, आयटी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सकडे आहे. एआयसीटीईने २०२४-२५ पासून एका ब्रँचच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढल्यावर अनेक महाविद्यालयांनी या जागा वाढवल्या. जागा मंजुरीने वाढतात, अनुभवी शिक्षक तसे वाढत नाहीत. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचे प्रमाण कागदावर जुळवता येते. पण त्या ब्रँचचे किती शिक्षक कायम आहेत, कितीजणांनी पीएच.डी. केली आहे आणि किती मागच्या वर्षीच रुजू झाले, हे संस्थेला जाहीर करावे लागणाऱ्या माहितीतून आणि वरच्या वर्गातल्या मुलांशी बोलून कळते. ‘कॉम्प्युटर मिळाले’ या आनंदात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांच्याकडे ‘नाइलाजाने घ्यायच्या ब्रँच’ म्हणून पाहणे कोल्हापूर जिल्ह्यात तरी चुकीचे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहती ओतकाम आणि यंत्रकामावर चालतात. तालुक्यातालुक्यांत साखर कारखाने आहेत, आजऱ्याचाही गवसेला आहे. इचलकरंजी वस्त्रोद्योगाची, आणि डीकेटीईमधली टेक्सटाइल अभियांत्रिकी त्याच मातीतून आलेली. या उद्योगांत सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीइतका नसतो, हे खरे आहे आणि ते लपवण्यात हशील नाही. दुसरीकडे, केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा फक्त चार शाखांसाठी होते: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार. कॉम्प्युटरला तिथे स्वतंत्र विषयच नाही. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि जिल्हा परिषदांतल्या अभियंत्यांच्या भरतीत सिव्हिलचा वाटा मोठा असतो. सरकारी नोकरीच डोळ्यांसमोर असलेल्या घराने मुलाला कॉम्प्युटरला घालण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

शिवाय ब्रँच म्हणजे बंद खोली राहिलेली नाही. अनेक स्वायत्त महाविद्यालयांत मूळ ब्रँचसोबत दुसऱ्या विषयात जादा क्रेडिट घेऊन मायनर पदवी मिळवता येते. सिव्हिलचा विद्यार्थी संगणकशास्त्राचे मायनर घेऊ शकतो. दुसऱ्या वर्षाला रिकाम्या जागांवर ब्रँच बदलण्याची तरतूदही आहे, मात्र अशा जागा मोजक्या असतात. तिच्या भरवशावर प्रवेश घेणे धोक्याचे.

मग वालचंद सिव्हिल की केआयटी कॉम्प्युटर? विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरमध्येच जायचे आहे, बारावीपर्यंत त्याने थोडेफार प्रोग्रॅमिंग करून पाहिले आहे आणि ते आवडले आहे, तर केआयटीत कॉम्प्युटर. केआयटीचे नावही लहान नाही. त्याला गणित-भौतिकशास्त्र आवडते, ब्रँचचे पक्के ठरलेले नाही, गेट किंवा स्पर्धा परीक्षेचा विचार आहे, तर वालचंद सिव्हिल. तिथले सोबती आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे कोणत्याही वाटेवर उपयोगी पडते. ‘शेजारच्या पोराने कॉम्प्युटर घेतले’ हे कारण असेल तर दोन्ही निर्णय फसायची शक्यता सारखीच. नावामधला फरक मोठा असेल तर त्याला वजन द्यावे. दोन जवळपास सारख्या संस्थांत निवड असेल तेव्हा मात्र नाव विसरून ब्रँच आणि निव्वळ खर्च हेच पाहावे. पालकांची गल्लत नेमकी इथे होते: दोन-तीन पर्सेंटाइलच्या फरकाला ते मोठे आणि लहान कॉलेज म्हणतात आणि त्यापायी ब्रँचही सोडतात, वर्षाला पन्नास हजारही जास्त भरतात. नावाजलेले पण घरापासून लांबचे महाविद्यालय फक्त कर्ज काढूनच परवडणार असेल, तर त्या ब्रँचचा मध्यक पगार आणि कर्जाचा महिन्याचा हप्ता एका कागदावर शेजारी लिहून पाहावे. हप्ता पगाराच्या निम्म्याजवळ जात असेल तर जवळचे महाविद्यालय बरे.

ज्यांचा पर्सेंटाइल या दोन्ही दारांपर्यंत पोहोचत नाही, त्यांना दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आठवते, पण उशिरा. गारगोटीचे आयसीआरई आणि कोल्हापूरचे शासकीय तंत्रनिकेतन या परिसरात जुन्या ओळखीची आहेत. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर क्षमतेच्या १० टक्के जादा जागा असतात आणि प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. घराजवळ कमी खर्चात तीन वर्षे शिकून मग चांगल्या महाविद्यालयात जाणारी ग्रामीण मुले थोडी नाहीत. कष्टाळू पण सीईटीच्या घाईत मागे पडणाऱ्या मुलासाठी हा मार्ग दहावीलाच विचारात घेण्यासारखा आहे.

कुठलाही पर्याय पक्का करण्याआधी दोन्ही महाविद्यालयांत एकदा कामाच्या दिवशी जाऊन यावे. स्वागतकक्षातल्या माहितीपत्रकापेक्षा प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत की झाकलेली, ग्रंथालयात संध्याकाळी मुले बसतात का, वसतिगृहात पहिल्या वर्षाला खोली नक्की मिळते का, हे पाहणे महत्त्वाचे. आपल्या तालुक्यातले तिसऱ्या-चौथ्या वर्षात शिकणारे एखादे पोर गाठून शिक्षकांबद्दल, बॅक लागण्याच्या प्रमाणाबद्दल आणि खानावळीच्या खऱ्या दराबद्दल विचारावे.

आणि हे सगळे हिशेब ज्या कागदांवर उभे आहेत ते आधी काढून ठेवावेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आर्थिक दुर्बल घटकाचे किंवा नॉन-क्रीमीलेयरचे प्रमाणपत्र यांसाठी तहसील कार्यालयाकडे अर्ज लागतो. जात पडताळणी कोल्हापूरच्या समितीकडून होते आणि तिला वेळ लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते आणि एका दाखल्यापायी राखीव जागा किंवा फी सवलत हातची जाते. आजऱ्याच्या पालकांनी बारावीचे वर्ष सुरू होतानाच, जूनमध्ये, जात पडताळणीसारख्या वेळ लागणाऱ्या अर्जांना हात घालावा.